वरच्या अंगाची रहमतबी

आमची हमरस्त्याला लागून असलेली बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा एक चौकोन, रस्ता रुंद करताना गेली आणि तिच्या बदल्यात पैसे आले. बांधी आईच्या नावावर होती, माहेरून मिळालेली. त्यामुळे पैशाचं काय करायचं ते आईच ठरवेल असं बाबांनी चार माणसांत जाहीर केलं आणि घरी येऊन तिच्यासमोर नांगराच्या जाहिरातीचा कागद ठेवला. आईनं त्याची घडी केली आणि डगमगणाऱ्या रांजणाखाली सारली. रांजण स्थिर झाला.

"मले दरसाल आठ दिवस कुठीतरी जायचं आहे," ती म्हणाली. "जिथी आपलं कोणी नाई अशा ठिकानी."

हे ऐकायला साधं वाटतं. पण माझी आई, कमळाबाई, आजवर जिथे जिथे फिरायला गेली तिथे आपलं कोणीतरी होतंच. नागपूर म्हणजे मावशी, मार्कंड्याची जत्रा म्हणजे चुलतमामांचा तंबू, बल्लारशा म्हणजे आत्या. पोचल्यावर अर्ध्या तासात आईच्या हातात लाटणं असायचं. बल्लारशाला तर ती दारातून आत शिरायच्या आधीच आत्यानं खिडकीतून कणकेची परात दिली होती. नागपूरचं तिला विचारलं तर ती सांगते, तिथला गॅस मोठा आहे.

बाबांनी दुपारभर विचार केला. आपलं कोणी नाही असं ठिकाण त्यांना आठवेना. धानोऱ्याला साडू, आरमोरीला वर्गमित्र, आणि थेट सिरोंच्याला एक माणूस, ज्याच्या सायकलची चेन त्यांनी एकदा बसवून दिली होती. बाबांचं नाव सोमाजी, पण चामोर्शी तालुक्यात त्यांना सोमाजी म्हणणारं कोणी उरलेलं नाही. सगळे सोमाभाऊ म्हणतात. जे ओळखत नाहीत तेसुद्धा.

अशात गडचिरोलीच्या प्रदर्शनात मी पेटीत टाकलेली चिठ्ठी लागली. चंद्रपूरच्या एका हॉटेलात जेवण फुकट, भेटवस्तू फुकट, अट एकच की नवरा-बायकोनं जोडीनं यायचं आणि दोन तास ऐकून घ्यायचं. आमच्याकडे लग्नातही एवढंच असतं. मी त्यांना घेऊन गेलो.

ऐकवणारी पुनम नावाची नागपूरची मुलगी होती, काळ्या कोटातली. तिनं चिखलदऱ्यातल्या नव्या रिसॉर्टची चित्रं दाखवली आणि योजना समजावली. खोली एक, वर्षाचे आठवडे बावन्न, प्रत्येक आठवड्याचा मालक वेगळा. आपला आठवडा आला की खोली आपली. आठवडा सरला की पुढच्याची. मुलाबाळांच्या नावावरही होते. सगळ्या टेबलांवर माणसं कपाळाला आठ्या घालून बसली होती. एकटे बाबा खुर्चीत मागे रेलले.

"पानपाळी आहे हे," ते म्हणाले.

आमच्या गावाला मालगुजाराच्या काळातला तलाव आहे. त्याचं पाणी धानाला पाळीनं मिळतं. आज ह्याच्या बांधीत, उद्या त्याच्या. एकच तलाव, मालक सगळे, आणि आपल्या पाळीला आपणच राजे. बाबांनी आयुष्याची कितीतरी वर्षं ती पाळी सांभाळली आहे. त्यामुळे जगात जे जे वाटून घेतलं जातं ते सगळं त्यांना तलावच वाटतं. माझ्या वर्गात आम्ही तिघं एका बाकावर बसायचो, तर बाबांनी मास्तरांना पहिल्यांदा हेच विचारलं होतं की वरच्या अंगाला कोण बसतो.

कारण तलावाच्या पाण्यात सगळं वरच्या अंगावर, म्हणजे पाणी आपल्या आधी ज्याच्याकडे येतं त्याच्यावर असतं. ज्याचं शेत आपल्या वरच्या अंगाला, तो जसा, तसं आपलं पाणी. तो सज्जन असला तर पाणी वेळेवर येतं. तो झोपाळू असला तर आपलं पीकही झोपतं. आमच्या गावात जमीन घेताना माती नंतर बघतात, आधी वरच्या अंगाच्या माणसाच्या घरी जाऊन चहा पितात.

"मंग मले सांगा पुनमबाई," बाबांनी विचारलं, "आमच्या आधीचा आठवडा कोनाचा राह्यीन?"

पुनमला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. तिनं लॅपटॉपमध्ये पाहिलं आणि आनंदाची बातमी असल्यासारखं सांगितलं, की आधीचा रिकामा आहे, नंतरचाही रिकामा आहे, सगळेच रिकामे आहेत, तुम्ही पहिले. बाबांचा चेहरा पडला. तलावावर एकच शेतकरी, मग नाली कोणासोबत उपसायची, भांडायचं कोणाशी.

आई मात्र पुढे सरकली. "कोनीच नाई?" तिनं विचारलं. त्या दोन तासांतलं तिचं एवढंच वाक्य.

पुनमला वाटलं, जमलं. तिनं मोर्चा आईकडे वळवला. सांगितलं की प्रत्येक खोलीत पूर्ण स्वयंपाकघर आहे, चार बर्नरची शेगडी, मिक्सर, फ्रिज, मसाल्यांचे डबे ठेवायला फिरती मांडणी. "काकू, तुम्हाला रोज घरच्यासारखा स्वयंपाक करता येईल. आपण घराबाहेर आहोत असं वाटणारच नाही."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू हात दाखवूनही न थांबलेल्या एसटीसारखं निघून गेलं. मी ते पाहिलं. मला वाटलं, तिला मिक्सरचा रंग आवडला नसेल. शेवटी पुनमनं टाळ्यांच्या गजरात आईला भेटवस्तू दिली. नॉनस्टिक तवा.

बाहेर पडताना शेवटच्या रांगेतल्या एका गृहस्थानं बाबांची बाही धरली. "नवीन कशाला घेता? माझा आठवडा घ्या."

हे अजय वासेकर, चंद्रपूरचेच, बँकेतून निवृत्त. त्यांच्याकडे चिखलदऱ्यातल्याच एका जुन्या रिसॉर्टचा फेब्रुवारीतला आठवडा होता आणि तो त्यांना विकायचा होता. गिऱ्हाईक शोधायला ते अशा प्रत्येक कार्यक्रमाला येऊन शेवटच्या रांगेत बसत. दोन दिवसांनी बाबा आणि मी त्यांच्या घरी गेलो तर दिवाणखान्यात भिंतीला टेकून नॉनस्टिक तव्यांची चवड होती.

वासेकर साहेबांचं म्हणणं सरळ होतं. नवीन घ्याल तर खोलीसोबत कंपनीची जाहिरात, फुकटचं जेवण, काळा कोट आणि तवा ह्या सगळ्याचे पैसे तुम्ही देता. जुनं घ्याल तर फक्त खोली. किमतीतला फरक बाबांना समजेल असा होता: नवा आठवडा म्हणजे ट्रॅक्टर, ट्रॉलीसकट. जुना म्हणजे बरी बैलजोडी. दोन्हीकडे दरवर्षी देखभालीचा खर्च होताच, बाबा त्याला पाणीपट्टी म्हणू लागले. ती थकलेली नाही आणि आठवडा नावावर करून मिळतो, एवढं त्यांनी तपासलं. फेब्रुवारीही आम्हाला सोयीचा होता. धान चुरून, म्हणजे मळून झालेलं असतं आणि मोहाची फुलं पडायला अवकाश असतो.

"मंग इकून काऊन राह्यले?" बाबांनी विचारलं.

वासेकर साहेब म्हणाले, आता प्रवास झेपत नाही. आत्ताच ते आमच्या पुढे चार जिने चढून, दार उघडून, पंखा लावून आमची वाट बघत उभे होते. त्यांच्या पत्नी साधनाताई पंख्याकडे बघत राहिल्या. मग बाबांनी आपला प्रश्न विचारला, वरच्या अंगाला कोण. वासेकर साहेबांनी नाव सांगितलं ते उंबऱ्यावर ठेच लागल्यासारखं. कुरखेड्याच्या रहमतबी.

"कशी आहे मानूस म्हनून?"

"ठाम आहेत," साधनाताई म्हणाल्या, आणि पुन्हा पंख्याकडे वळल्या.

घरी आल्यावर आईनं दोन्हीकडचं ऐकून घेतलं. नव्या ठिकाणी आपलं कोणी नाही, पण तिथे ती चार बर्नरची शेगडी. जुन्या ठिकाणी काय आहे ते कळेना, कारण बाबा आणि मी वासेकरांकडून खोलीबद्दल काही विचारूनच आलो नव्हतो. आमचा सगळा वेळ रहमतबीवर गेला होता. "सैपाकघर आहे का तिथी?" आईनं विचारलं. बाबांनी तिला धीर दिला, की असेलच, तू काळजी करू नको. आई म्हणाली, बरं. आणि पीठ मळायला घेतलं, जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर बाबांना मागे बसवून मी कुरखेड्याला गेलो. रस्ताभर बाबा मला समजावत होते की माणूस बघताना काय बघायचं. सगळ्यात आधी टाचा बघायच्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

रहमतबीचं घर म्हणजे बिछायत केंद्र. मांडवाचे खांब, खुर्च्यांचे मनोरे, आणि म्हैस उभी मावेल एवढ्या डेगा. लग्नाचं सामान भाड्यानं द्यायचं आणि सांगाल तर स्वयंपाकही करून द्यायचा. मागच्या बाजूला तीन भट्ट्या पेटलेल्या होत्या. त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून रहमतबी बसली होती, सत्तरीची, आणि जागेवरून न उठता कोणत्या डेगेत मीठ कमी आहे ते सांगत होती. तिचा मुलगा रफीक खांब मोजत होता आणि प्रत्येक वेळी मध्येच कोणीतरी बोलल्यामुळे पहिल्यापासून सुरू करत होता.

बाबांनी येण्याचं कारण सांगितलं. तुमचा आठवडा संपला की आमचा लागणार, म्हणून शेजार बघायला आलो.

कोणीही हसलं असतं. रहमतबी हसली नाही. तिनं रफीकला चहा सांगितला आणि बाबांना नीट न्याहाळलं. बाबांनी विचारलं, तुम्ही खोली कशी सोडता. ती म्हणाली, झाडून. नळ गळतो का. गळायचा, आता नाही. रात्री मोठ्यानं बोलता का. "तुमी तवा राह्यनारच नाई तं तुमाले काय करायचं?" हे बाबांना पटलं.

"आता मी पाह्यन तुमाले," ती म्हणाली. "माह्या मांगून कोन येते, मलेबी समजाले पाह्यजे. चामोर्शीले शुक्रवारी मांडव आहे आमचा. येतो आमी जेवाले."

परत येताना बाबा खुशीत होते. टाचा चांगल्या आहेत, म्हणाले.

आई खुशीत नव्हती. "हाटेल घेतलं नाई अजून आन् त्याचे पावने आले," ती म्हणाली. आणि खरंच, आपलं कोणी नाही असं ठिकाण शोधता शोधता बाबांनी तिथे आपलं माणूस करून ठेवलं होतं. मला वाटलं, संपलं, आता नवीनच घ्यावं लागणार. कारण तिथे तरी कोणी नव्हतं.

पण तिथेही काम झालेलं निघालं. पुनम रोज बाबांना फोन करत होती, काका निर्णय झाला का म्हणून. बाबा रोज तिला जेवली का विचारत होते. चार-पाच फोनांत तिनं रिसॉर्टबद्दल बोलायचं सोडलं आणि घरमालकीण सकाळी पाणी बंद करते ते सांगू लागली. बाबांनी तिला वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूशी बोलायला सांगितलं. ती बोलली, आणि पाणी यायला लागलं. गुरुवारी तिनं आनंदानं कळवलं, की काका-काकूंनी नवीन आठवडा घेतला तर पहिल्या दिवशी चिखलदऱ्यात ती स्वतः दारात ओवाळायला उभी राहील आणि आठवडाभर काकूंच्या हातचं जेवेल. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला.

शुक्रवारी रहमतबी आणि रफीक आले. आईनं पातोडीची भाजी केली. बेसन शिजवा, थापा, वड्या पाडा, रस्सा वेगळा. पाहुण्यांना आपण किती वैतागलो आहोत ते दाखवायचं असेल तर आमच्याकडे हीच भाजी करतात, कारण ती उत्तमच होते. रहमतबीनं आल्याबरोबर आमच्या ओसरीवर एक नजर टाकली, बाबांकडे दुसरी, आणि थेट आत स्वयंपाकघरात गेली. बाबा रफीकला आमचा तलाव समजावत बसले. मी रस्सा आणायला वाटी घेऊन आत गेलो आणि दारातच थांबलो. चुलीजवळ आई घामानं निथळत बसली होती. शेजारी पाटावर रहमतबी.

"कमळाबाई, एक गोठ भाऊले नाई सांगतली, तुमाले सांगून ठेवतो," रहमतबी म्हणत होती. "त्या खोलीत शेगडी नाई."

आईचा झारा थांबला. "बिघडली?"

"बिघडन काऊन? मीच काढाले लावली. माह्या घरी बारा महिने भट्ट्या. पयल्या वर्षी तिथी पोचलो, चप्पल नाई काढली अजून, तं रफीक म्हनते, अम्मी, शेगडी आहे, खिचडी टाक ना. म्यानेजरले बलावलं, म्हटलं, उचल हे इथून. तवापासून दरसाल मी जाच्या आधी काढून ठेवते तो."

"मंग जेवता काय?"

"मानूस चाय आनून देते. मानूस जेवन आनून देते. मी बसून राह्यतो."

रहमतबीनं आवाज खाली आणला. शेगडी परत जोडायला गॅसवाला परतवाड्याहून यावा लागतो आणि तो आपल्या मर्जीनं येतो. म्हणून रहमतबीच्या मागून येणाऱ्याला शेगडी मिळत नाही. साधनाताईंना बाहेरचं खाल्लं की पित्त होतं. त्या दरवर्षी भांडायच्या, फोन करायच्या, आणि त्यांचा आठवडा संपायच्या दिवशी शेगडी लागायची. मग त्यांच्या मागच्यांना आयती मिळायची.

"म्हनून इकून राह्यले ते. तुमाले आधीच सांगतलं बरं. मांगून म्हनान, बुढीनं फसवलं. पाह्यजे असन तं नवीन घ्या, तिथी चार-चार चुले आहेत म्हनते."

आई उठली. माझ्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे न बघता झारा घेऊनच बाहेर ओसरीवर आली.

"जुनंच घ्या," ती म्हणाली.

बाबा तलावाच्या तोंडापर्यंत आले होते, तिथेच थांबले. त्यांनी आठवण दिली, की आपलं कोणी नसावं असं तूच म्हणाली होतीस. इथे तर ओळख होऊन बसली. नव्या ठिकाणी निदान...

"नव्या ठिकानी तुमची पुनमबाई आहे ना, ताट घेऊन उभी," आई म्हणाली. "मले वरच्या अंगाची बाई पसंत आहे. इषय संपला."

बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. आयुष्यभराच्या पद्धतीचा विजय झाला होता. आजही गावात कोणी काही विकत घ्यायला निघालं की ते हीच गोष्ट सांगतात. त्यात शेगडी नाही, कारण त्यांना ती माहीतच नाही.

फेब्रुवारीत आम्ही चिखलदऱ्याला गेलो, एक दिवस आधी, कारण पाळी हातात घ्यायला आधीच्याची पाळी संपताना हजर असावं लागतं. मॅनेजरनं सांगितलं की आठवडा उद्या दुपारी लागतो. बाबा म्हणाले, माहीत आहे, आम्ही बसतो. त्यांच्या खांद्यावर फावडं होतं. पाळी घ्यायला मोकळ्या हातानं जात नाहीत. वॉचमननं ते घेऊन छत्र्यांच्या स्टँडमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी रहमतबीनं बाबांना सगळे नळ, दिवे आणि खिडक्या दाखवल्या, बाबांनी प्रत्येकाला हात लावून पाहिला, आणि रफीक सामान मोजत बाहेर पडला.

मग आई आत आली. खोलीच्या कोपऱ्यात ओटा होता, स्वच्छ, काळ्या फरशीचा, आणि त्यावर काही नव्हतं. भिंतीतून आलेल्या नळीच्या तोंडाला बूच. आईनं फरशीवरून हात फिरवला, मग उलटी वळली, उडी मारून ओट्यावर बसली आणि पाय हलवू लागली. माणूस चहा घेऊन आला. तिनं तो तिथेच बसून प्यायला.

रोज पहाटे पाचला ती सवयीनं उठायची, ओट्यापाशी जायची, शेगडी नाही असं बघायची आणि परत येऊन झोपायची. दोन-तीन दिवसांनी मला कळलं की ही सवय नाही. ती गजर लावत होती.

आठवडा सरला. खालच्या अंगाची मंडळी दुपारी हजर झाली, दर्यापूरचं एक जोडपं. बाबा फावडं मागून घेऊन दारात उभेच होते. त्यांनी नवऱ्याला हाताला धरून न्हाणीघराचे नळ दाखवायला नेलं. बाई मागून आल्या. दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या, एकीतून लाटणं डोकावत होतं. ओट्याकडे बघून त्या थबकल्या.

"इथं शेगडी असते," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "आम्ही येतो तेव्हा दरवर्षी लागलेली असते."

मॅनेजरनं आईकडे पाहिलं. ह्या वेळी साधनाताईंसारखं शेगडीसाठी कोणी भांडलंच नव्हतं. त्यानं माफी मागितली, आत्ताच परतवाड्याला फोन करतो म्हणाला आणि खिशातून फोन काढला.

आईनं त्याला हातानं थांबवलं. ती बाईंच्या जवळ गेली, एक पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, तुमाले खरंच पाह्यजे का?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. न्हाणीघरातून बाबांचा आवाज येत होता, डावीकडचा नळ उजवीकडे फिरतो. मग नवऱ्याचा आवाज आला, "अगं, शेगडी आहे ना चालू? पिठलं टाक पटकन, भूक लागली."

बाईंनी लाटणं पिशवीत आत, पार तळापर्यंत ढकललं.

"नाही हो," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "परतवाड्याचा माणूस गावाला गेलाय म्हणे. आठ दिवस येणार नाही."

मॅनेजरनं फोन परत खिशात ठेवला. आईनं ओट्यावरची थोडी जागा हातानं पुसली आणि त्यांना बसायला सांगितलं.